टीव्ही बंद, सिलेक्टर दुसरीकडे, तरी ट्यूब ॲम्पमध्ये हम: एका ग्राउंड लूपचं प्रकरण

सेटअप मित्राचा आहे, आधी तो सांगतो म्हणजे पुढचं कळेल. डेस्कटॉप कॉम्प्युटर, त्याला यूएसबीने जोडलेला डॅक (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा, पॉवर पण यूएसबीवरूनच घेणारा), तिथून आरसीए केबल ट्यूब प्रीॲम्पला (सोर्स निवडायचा आणि व्हॉल्यूमचा डबा), त्यात १२एयू७ ट्यूब, आणि पुढे ईएल३४ ट्यूबचा पुश-पुल पॉवर ॲम्प, एका हौशी माणसाने घरी बनवलेला, आणि बनवलाय छानच. शिवाय टर्नटेबल आणि त्याचा वेगळा फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा), १२एएक्स७ वाला. स्पीकर ९४ डीबी सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे थोड्या पॉवरवरही मोठा आवाज देणारे. ट्यूबवाल्यांची खरी पंचाईत इथेच होते, कमी पॉवरच्या ॲम्पला सेन्सिटिव्ह स्पीकर लागतात आणि सेन्सिटिव्ह स्पीकर ॲम्पची प्रत्येक कुरबुर चव्हाट्यावर आणतात.

सगळं बरं चाललेलं. मग टीव्हीचा आवाजही ट्यूबमधून ऐकायचा म्हणून टीव्हीच्या ऑडिओ आउटपासून एक लांबलचक आरसीए केबल प्रीॲम्पच्या मोकळ्या इनपुटला गेली, आणि दोन्ही स्पीकरमधून घूंऽऽ सुरू. थोडी हम आधीही होती म्हणे पण ती कानाला सवयीची झालेली, आता मात्र गाण्यातल्या शांत जागा वाजेनाशा झाल्या. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी तेवढीच. टीव्ही रिमोटने बंद केला तरी तेवढीच. सिलेक्टर फोनोवर नेला तरी तेवढीच! आणि याच शेवटच्या दोन गोष्टींमुळे मित्राने टीव्हीला क्लीन चिट देऊन टाकलेली.

मग व्हायचं तेच झालं. ट्यूब बदलून झाल्या, महागाच्या जाड केबल आल्या, फिल्टर कपॅसिटर जुने झाले असतील म्हणून नवे मागवले. ट्यूब ॲम्पमध्ये काहीही बिनसलं की पहिला आळ ट्यूबवर येतो. पण हम दोन्ही चॅनलमध्ये अगदी सारखी होती, डावी-उजवी ट्यूब अदलाबदल करून ती इकडची तिकडे सरकत नव्हती, तिथेच ट्यूब निर्दोष सुटायला हव्या होत्या.

शेवटी कुणीतरी त्याला "रामबाण" सांगितला: पॉवर ॲम्पची प्लग टू-पिन ॲडॉप्टरमध्ये घाल, अर्थिंग गेलं की हम गेली. त्याने घातली, हम खरंच जवळपास गेली, आणि मला जो मेसेज आला तो "प्रॉब्लेम सुटला, पण हे ठीक आहे ना?" असा होता. ठीक अजिबात नव्हतं.

इथे जरा थांबतो कारण या भागावर लोक फार हलगर्जीपणे बोलतात. या ॲम्पमध्ये बी प्लस (ट्यूबना लागणारं डीसी व्होल्टेज) ४०० व्होल्टच्या वर आहे आणि ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला मेन्स. उद्या प्रायमरीचं इन्सुलेशन गेलं किंवा एखादी वायर सुटून चॅसिसला (ॲम्पच्या धातूच्या पेटीला) टेकली तर अर्थिंग असताना मोठा करंट जमिनीकडे वाहतो, फ्यूज उडतो, विषय संपला. अर्थिंग नसताना चॅसिस लाईव्ह होऊन बसते. त्यात आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली, अर्थिंग काढलं तरी ॲम्प पूर्ण तरंगत नसतो, तो आरसीए केबलच्या शील्डमधून प्रीॲम्पमार्गे अर्थला जोडलेलाच असतो. म्हणजे फॉल्ट झाला की सगळा करंट त्या बारीक जाळीतून जाणार, फ्यूज वेळेत उडेल याची खात्री नाही, आणि चालू ॲम्पची आरसीए तुम्ही हाताने उपटलीत तर त्या क्षणी एका हातात अर्थ झालेली केबल आणि दुसऱ्या हाताखाली लाईव्ह चॅसिस. संगीत ऐकायच्या नादात कुणी मरायला नको. त्यामुळे पहिलं काम ॲडॉप्टर काढून तीन पिन परत भिंतीत, हमसकट.

ॲडॉप्टरने एक उपयोगाची गोष्ट मात्र कळली. अर्थिंग काढल्यावर हम जाते म्हणजे दोष फिल्टर कपॅसिटरमध्ये नाही, ट्यूबमध्ये नाही, तो दोन अर्थ झालेल्या वस्तूंच्या मधल्या रस्त्यात आहे. निदान म्हणून ही माहिती चोख आहे, औषध म्हणून विष. (आणि निदानासाठीही हे करायची गरज नाही, त्याचा सुरक्षित मार्ग खाली येतोच.)

आता लूप म्हणजे काय ते थोडक्यात. प्रीॲम्पची चॅसिस त्याच्या मेन्स वायरमधून अर्थला, ॲम्पची चॅसिस तिच्या मेन्स वायरमधून अर्थला, आणि दोघांना जोडणारी आरसीएची शील्ड. झालं वर्तुळ पूर्ण. या वर्तुळात करंट दोन कारणांनी फिरतो: एक तर भिंतीतल्या अर्थ वायरमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या करंटमुळे थोडं व्होल्टेज इंड्यूस होतं आणि उपकरणांच्या मेन्स फिल्टरचा लीकेजही त्याच वायरमध्ये उतरतो, त्यामुळे दोन सॉकेटचे अर्थ पॉइंट अगदी एकसारखे कधीच नसतात, दुसरं म्हणजे आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र त्या वर्तुळातून जातं, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ जेवढं मोठं तेवढं जास्त. करंट फिरला म्हणून लगेच बिघडत नाही. बिघडतं ते यामुळे की आरसीएमध्ये शील्ड हीच सिग्नलची परतीची वायर असते. शील्डमध्ये जे व्होल्टेज पडेल ते थेट सिग्नलमध्ये मिसळतं, ॲम्पला त्यातलं गाणं कुठलं आणि मेन्स कुठला हे कळायचा मार्गच नाही.

आकडे घालून बघू. त्याच्या ॲम्पचा गेन साधारण २० पट आहे, म्हणजे इनपुटचं व्होल्टेज तो तेवढं वाढवतो. स्पीकर टर्मिनलवर मीटरने १४ मिलिव्होल्ट एसी दाखवले (साध्या मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, तो इथे कामाचा नाही, मिलिव्होल्ट एसी मोजणारा घ्या). म्हणजे ॲम्पच्या इनपुटला ०.७ मिलिव्होल्ट. शील्ड आणि प्लगचे कॉन्टॅक्ट मिळून रेझिस्टन्स ०.०५ ओहम धरला तर शील्डमधून १४ मिलिॲम्प करंट जातोय. एवढासाच. आणि ९४ डीबीच्या स्पीकरवर १४ मिलिव्होल्ट म्हणजे एक मीटरवर साधारण ४८ डीबी. आता ५० हर्ट्झला माणसाच्या कानाचा उंबरठाच ४४ डीबीच्या आसपास आहे, त्यामुळे शुद्ध ५० हर्ट्झ असता तर जेमतेम ऐकू आला असता. पण मोबाईलवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये ५० बरोबर १५० आणि २५० चे दांडके उभे होते, आणि तिथे कान कितीतरी तिखट असतो. आपण "मेन्सची हम" म्हणून जे ऐकतो ते बरेचदा हेच वरचे, ५० च्या पटीतले हार्मोनिक. जिथे मेन्स ६० हर्ट्झ आहे तिथे ६०, १८०, ३०० असे वाचा. फिल्टर कपॅसिटर मेलेला असता तर मुख्य दांडका १०० ला दिसला असता, कारण फुल वेव्ह रेक्टिफायरचा रिपल दुप्पट फ्रिक्वेन्सीला येतो. म्हणजे त्या नव्या कपॅसिटरचं पार्सल उघडायचीही गरज नव्हती.

तपासणी शेवटाकडून सुरुवातीकडे करायची, ॲम्पपासून सोर्सकडे. व्हॉल्यूम शून्यावरही हम आहे म्हणजे ती व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबमागच्या रेझिस्टरच्या) नंतर कुठेतरी शिरतेय. सगळं बंद करून ॲम्पच्या दोन्ही इनपुट केबल काढल्या आणि तिथे शॉर्टिंग प्लग लावले, म्हणजे दुसरं काही नाही, आरसीए प्लगमध्ये मधली पिन आणि बाहेरची रिंग सोल्डरने जोडलेली. स्पीकर जोडलेलेच ठेवले कारण लोडशिवाय ट्यूब ॲम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ॲम्प चालू केला, ट्यूब तापल्या, मीटरवर १ मिलिव्होल्ट. कान स्पीकरला चिकटवला तर अगदी बारीक १०० हर्ट्झ. म्हणजे घरी बनवलेला ॲम्प एकदम स्वच्छ, आणि एवढ्या दिवसांत शिव्या सगळ्यात जास्त त्यालाच बसलेल्या.

मग परत बंद करून प्रीॲम्प जोडला, पण प्रीॲम्पचे सगळे इनपुट मोकळे. १.२ मिलिव्होल्ट. कॉम्प्युटरचा डॅक जोडला, ५. त्यात टीव्हीची केबल नुसती खोचली, टीव्ही बंदच, सिलेक्टर फोनोवर, आणि मीटर थेट १४ वर.

मित्र म्हणाला, "अरे पण टीव्ही सिलेक्टच केलेला नाहीये!" हे कोडं सुटलं की अर्धं प्रकरण सुटतं. बहुतेक प्रीॲम्पचा सिलेक्टर फक्त सिग्नलची मधली वायर बदलतो, सगळ्या इनपुटची ग्राउंड आत कायमची एकत्र असतात. आणि टीव्हीच्या मागे केबल कनेक्शनची कोॲक्स आहे, तिची शील्ड बाहेर कुठेतरी वेगळ्याच जागी अर्थ केलेली, जी करायलाच हवी कारण ती सुरक्षिततेसाठी असते. टीव्हीची स्वतःची प्लग दोन पिनची आहे त्यामुळे वरवर तो लूपमध्ये नाहीच असं वाटतं, पण अर्थ मागच्या दाराने येतोय: बाहेरचा अर्थ, कोॲक्स, टीव्ही, लांब आरसीए, प्रीॲम्प. प्रीॲम्पला पोचल्यावर तो करंट दोन वाटांनी फुटतो, काही प्रीॲम्पच्या अर्थ वायरने जातो आणि काही ॲम्पला जाणाऱ्या आरसीएच्या शील्डमधून ॲम्पच्या अर्थला. हा दुसरा हिस्सा व्हॉल्यूम पॉटच्या पुढे शिरतो, म्हणून नॉब फिरवून काही होत नाही. टीव्ही बंद असो चालू असो, शील्डला काय फरक पडतो.

खात्री करायला कोॲक्स टीव्हीमधून काढून तिची बाहेरची रिंग आणि प्रीॲम्पची चॅसिस यांच्यात मीटर लावला. १.३ व्होल्ट एसी. अशा ठिकाणी नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नये, टू-पिन उपकरण नुसतं तरंगत असलं तरी मीटर पन्नास-शंभर व्होल्ट दाखवतो कारण त्याचा इनपुट रेझिस्टन्स प्रचंड असतो. म्हणून मीटरला समांतर १ किलोओहमचा रेझिस्टर लावून परत बघितलं, व्होल्टेज जवळपास तेवढंच राहिलं, म्हणजे हा भास नाही, मागे खरा करंट देणारा सोर्स आहे. तरंगणारं असतं तर आकडा एकदम कोसळला असता. आणि रेझिस्टर लावूनही मोठं, पाच-दहा व्होल्टच्या वरचं काही टिकलं असतं तर ऑडिओ बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यायला लागलं असतं.

टीव्हीचा इलाज सोपा निघाला. टीव्हीला ऑप्टिकल आउटपुट होतं. ऑप्टिकल केबल प्लॅस्टिकची, तिच्यातून प्रकाश जातो, करंट जात नाही. दोन पिनच्या पॉवर सप्लायवर चालणारा छोटा ऑप्टिकल डॅक प्रीॲम्पजवळ ठेवला आणि ती लांब आरसीए गुंडाळून कपाटात. मीटर ५ वर. ज्यांच्या टीव्हीला ऑप्टिकल नसेल त्यांच्यासाठी कोॲक्सच्या मार्गात टीव्हीच्या बाजूला लावायचे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर मिळतात, बाहेरचं कोॲक्सचं अर्थिंग मात्र जसंच्या तसं ठेवायचं.

राहिला कॉम्प्युटर, म्हणजे ती "आधीपासूनची, सवयीची" हम. डॅकची ग्राउंड म्हणजे यूएसबीची ग्राउंड म्हणजे कॉम्प्युटरची चॅसिस म्हणजे अर्थ. कॉम्प्युटर खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर होता. तो ऑडिओच्याच एक्स्टेन्शन बोर्डवर आणला, ५ चे ३ झाले, फुकटात. एका बोर्डवरून सगळं चालवल्याने लूप तुटत नाही, पण भिंतीतल्या लांब अर्थ वायरमधला फरक मधून निघून जातो. एका बोर्डवर लोड किती येतोय ते मात्र बघून घ्या.

उरलेल्यासाठी दोन पर्याय होते. यूएसबी आयसोलेटर, किंवा डॅक आणि प्रीॲम्पच्या मध्ये १:१ चा लाइन ट्रान्सफॉर्मर. आयसोलेटरमध्ये बरेच जण एडीयूएम४१६० या चिपवर बनलेले असतात आणि ती चिप १२ मेगाबिटच्या फुल स्पीडपर्यंतच जाते. २४ बिट ९६ किलोहर्ट्झ स्टिरिओला साधारण ४.६ मेगाबिट लागतात म्हणजे तिथवर चालतं, पण मित्राकडे १९२ च्या फाइल आहेत आणि त्याचा डॅक हाय स्पीड मोडवर चालतो, म्हणून ते बाद. ट्रान्सफॉर्मर लावला. ट्रान्सफॉर्मरमध्ये सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, दोन ग्राउंड जोडायची गरजच राहत नाही. स्वस्त ट्रान्सफॉर्मर बेस खातो हे खरं आहे, लहान कोअर कमी फ्रिक्वेन्सीला सॅच्युरेट होतो, त्यामुळे इथे काटकसर करू नका, म्यू-मेटलच्या (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या धातूच्या) डबीतला चांगला घ्या. तो प्रीॲम्पच्या जवळ ठेवायचा, पुढची केबल जेमतेम हातभर, आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब, नाहीतर तोच अँटेना होऊन बसतो. मीटर १.४ वर आला.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ॲम्प बनवणाऱ्याचा स्वाभिमान दुखावलेला, तो म्हणाला खोलतोच. आत दिसलं की आरसीए जॅकचे नट थेट चॅसिसवर कसलेले आणि शिवाय जॅकपासून ग्राउंडची वायर स्टार पॉइंटला (आतल्या सगळ्या ग्राउंड वायर एकत्र येतात तिथे), म्हणजे शील्डमधून येणाऱ्या करंटचा काही हिस्सा सिग्नल ग्राउंडवरून फिरत चॅसिसला जाणार. प्रो ऑडिओमध्ये याच जातीचा घोळ एक्सएलआरच्या पिन १ चा प्रॉब्लेम म्हणून ओळखला जातो, १९९५ मध्ये नील मन्सी यांनी तो नीट मांडला. ॲम्प बनवणाऱ्याने काय केलं, तर जॅकना इन्सुलेटिंग वॉशर घालून चॅसिसपासून सुटे केले. मेन्सची अर्थ वायर चॅसिसला वेगळ्या बोल्टवर थेट, तिथे काहीही मध्ये नाही, हे महत्त्वाचं. आणि स्टार पॉइंट ते चॅसिस यांच्यात १० ओहमचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ३५ ॲम्पचा ब्रिज रेक्टिफायर, ब्रिजचे प्लस-मायनस एकत्र शॉर्ट करून दोन एसी टर्मिनल वापरलेले. हमचं व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये असतं, तेवढ्याने डायोड उघडत नाहीत, त्यामुळे लूपमध्ये १० ओहम येतात आणि शील्डच्या ०.०५ ओहमवर पडणारं व्होल्टेज नगण्य होतं. पण फॉल्ट झाला आणि व्होल्टेज दीड-दोनच्या वर गेलं की डायोड वाहायला लागतात आणि फ्यूज उडवण्याइतका करंट नेतात. अर्थिंग शाबूत, लूप मोडलेला. हे काम ज्याला ट्यूब सर्किटमध्ये हात घालायची सवय आहे त्यानेच करावं, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात, मीटरने शून्य बघितल्याशिवाय बोट आत जाऊ देऊ नये.

डावी आणि उजवी आरसीए केबल पण एकमेकींना बांधून टाकली. दोघींच्या शील्ड दोन्ही टोकांना एकत्र असतात म्हणजे त्यांचाही आपसात एक लूप असतो, केबल फाकलेल्या असल्या की तो मोठा. लोक याकडे बघतच नाहीत.

फोनोची हम वेगळी निघाली. फोनो लावून व्हॉल्यूम वाढवला की ५० हर्ट्झ येतोय, इथे व्हॉल्यूमबरोबर कमीजास्त होणारा. फोनो स्टेज हातात धरून नव्वद अंशात वळवला तर हम पडली. लूप असता तर डबा फिरवून फरक पडला नसता, म्हणजे हे सरळ पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, फोनो स्टेज ॲम्पला खेटून ठेवलेला. आरआयएए कर्व्ह (रेकॉर्ड वाजवताना फोनो स्टेज लावतो तो ठरलेला टोन) ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या तुलनेत जवळपास १७ डीबी उचलतो, म्हणून फोनोला हे सगळं सातपट टोचतं. डबा रॅकच्या दुसऱ्या टोकाला गेला, टर्नटेबलची बारीक ग्राउंड वायर फोनोच्या पोस्टवर घट्ट केली, पुरलं.

आता मीटर १.१ दाखवतो, शॉर्टिंग प्लग लावल्यावरच्या १ ला जवळजवळ टेकलेला. संध्याकाळी दिव्याचा डिमर अर्ध्यावर असला की एक चरचरीत बझ येतो, पण तो लूपचा नाही, डिमर प्रत्येक अर्ध्या सायकलला वेव्ह कापतो त्याचा आहे, गाणी ऐकताना तो दिवा पूर्ण लावायचा किंवा पूर्ण बंद. एक उत्सुकता म्हणून कॉम्प्युटर आणि टीव्ही एचडीएमआयने जोडून बघितले, म्हणजे कोॲक्सचा अर्थ आणि कॉम्प्युटरचा अर्थ मुद्दाम भेटवले. लूप तयार झाला असणार, करंट फिरत असणार, पण त्याच्या वाटेत आता ऑडिओची एकही शील्ड येत नाही, त्यामुळे मीटर होता तिथेच राहिला आणि मित्राने एचडीएमआय तशीच ठेवली.